जयंतच्या वाट्याचा लेथ

साउथहॅम्प्टनला येईपर्यंत जयंत खुशीत होता. बेसिंगस्टोकला बसून बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळणारा बाप, अन् लेक तनू इंजिनिअरिंगला. युनिव्हर्सिटीच्या फॅमिली डेला तो छाती फुगवूनच निघाला होता. पण वर्कशॉपचं दार उघडलं आणि त्याची खुशी उतरली. धातू कातायच्या लेथच्या रांगाच्या रांगा. एकेका मशीनवर एकच पोरगं, गॉगल लावून, आपापल्या कामात दंग.

"हात लावू नको गं!" तनू लेथकडे वळताच तो ओरडला.

"बाबा, हात नाही लावला तर शिकणार कसं?"

जयंत मेकॅनिकल झाला होता सांगलीकडच्या कॉलेजात. एका लेथभोवती अख्खी बॅच. परीक्षेचा जॉबही कातून द्यायचे मिस्त्री, पोरांनी नुसत्या माना लांब करायच्या. त्याचा हात मशीनला लागला तो खंडेनवमीला, हळदकुंकू वाहताना.

तनूनं रेसच्या गाडीसाठी स्वतः कातलेला शाफ्ट, चाकाचा दांडा, दाखवला. आरशासारखा लख्ख. जयंतनं तो डोळ्यांशी नेऊन खोट शोधली. सापडेना.

"बराय. मशीनच चांगलं असल्यावर काय."

सीमानं नवऱ्याला कोपर मारलं. "अहो, लेकीवर जळताय व्हय?"

"बाबा, तुम्हाला ट्राय करायचाय? फॅमिलीला अलाऊड आहे, मी बाजूला थांबते. पण ती रिंग काढा."

पुष्कराज! परदेशाचा योग यावा म्हणून गुरुजींनी घालायला लावलेला. योग आला, बोट जाड झालं, अंगठी रुतून बसली.

"राहू दे की. एवढीशी तर आहे."

"नो वे. अडकली तर बोट जाईल."

जयंत जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागं उभा राहिला. पलीकडच्या मशीनवर कुणा गोऱ्या पोराचा बाप खिदळत हँडल फिरवत होता. धंदा विचारला तर म्हणाला, बेकरी आहे. बेकरीवाला! जयंतला बघवेना. तडक सिंकवर गेला, साबण चोळून चोळून अंगठी उपटली अन् सीमाच्या हातात कोंबली.

"अहो, गुरुजी म्हणाले होते—"

"गुरुजींना लेथ चालवायचाय का?"

तनूनं गॉगल दिला, मशीन सुरू केलं. जयंतनं हँडल जपून फिरवलं. अ‍ॅल्युमिनियमचं चकचकीत साल वळत वळत बाहेर आलं. तो हँडल फिरवतच राहिला.

"मस्त, बाबा! आता मला द्या, हा पार्ट आज फिनिश करायचाय."

"थांब जरा."

"बाबा—"

"थांब म्हटलं ना! तुला रोजच मिळतंय की," म्हणत त्यानं खांदा मध्ये घातला आणि लेकीला मशीनपासून अडवून तो तसाच उभा राहिला.