खांब, पंप आणि जाऊबाईंची मोटारसायकल

माझ्या थोरल्या जाऊबाई मोठ्या रुग्णालयात सिस्टर आहेत, पुरुषांच्या वॉर्डात. त्यांच्या चपलांचा आवाज आला की कण्हणारे पेशंटसुद्धा आधी उशी सरळ करतात आणि मग सवडीने कण्हतात. अशा बाईने पंचेचाळिशी उलटल्यावर स्वतःच्या पगारातून मोटारसायकल घेतली. चांगली दणकट, रेड्यासारखी. "अगं, स्कूटर घे, हलकी असते," म्हणून भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, घसा कोरडा केला. पण जाऊबाईंचं म्हणणं एकच. "स्कूटरवर बसलं की बाकावर बसून नंबर यायची वाट बघतेय असं वाटतं मला."

चालवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. घोडं पेंड खायचं ते आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, त्यात यांच्या वाट्याला आला आतला कोपरा. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पंपाची लोखंडी जाळी आणि मागे समोरच्यांच्या स्कूटरी. गाडी सरळ मागे ओढायची, तर पुढचं चाक खांबापासून सुटतंय न सुटतंय तोच मागचं चाक स्कूटरला टेकतं. हँडल वळवावं तर आरसा जाळीत अडकतो. त्यामुळे गाडी आत घालणं आणि बाहेर काढणं हे खातं भाऊजींकडे. रोज सकाळी नाइट पॅन्टवर खाली उतरायचे आणि इंच पुढे, इंच मागे करत तिला बाहेर आणायचे. वर ऐकवायचेही, "घोड्यावर बसता येतं, पण तबेल्यातून घोडा काढता येत नाही. वा रे स्वार!"

असं करता करता एक दिवस भाऊजींची कमर धरली. ती अशी धरली, की डॉक्टरांनी ओढाढकल बंद करायला सांगितलं. मग आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या आणि आमच्या ह्यांच्या देखत, नवराबायकोचा करार झाला. महिनाअखेरपर्यंत जाऊबाईंनी एकटीने गाडी काढून दाखवायची. नाही जमलं तर विकून स्कूटर घ्यायची. जाऊबाईंनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे इंजेक्शन. एकदा दिला की परत काढता येत नाही.

त्यांनी प्रयत्न केले. एकदा आरसा गेला. एकदा गाडीच त्यांच्या अंगावर रेलली आणि खांब मध्ये होता म्हणून दोघीही उभ्या राहिल्या. महिनाअखेरचा रविवार उजाडला आणि भाऊजींनी ठरवल्याप्रमाणे त्यांच्या कचेरीतला एक तरुण गाडीचं गिऱ्हाईक म्हणून आला. व्यायाम करून दंड इतके फुगलेले, की शर्टाच्या बाह्यांची दया यावी.

"काढून आणतो हां," तो म्हणाला आणि आत घुसला.

मग काय, तमाशाला तोटा नव्हता. तळमजल्यावरचे मोटार ड्रायव्हिंग शिकवणारे काका बनियनवरच बाहेर आले. "राइट मार! पूर्ण राइट! आता सोड! अरे, तो तुझा राइट झाला, गाडीचा मार!" आमचे हे चहाची बशी घेऊन पायरीवर बसून, "उचलूनच घे ना सरळ," असा फुकटचा सल्ला देत होते. गिऱ्हाइकाने जोर लावला. जाळी वाकली, गाडी काही निघेना. शेवटी ती अर्धी बाहेर, अर्धी आत अशी आडवीतिडवी अडकली, तेव्हा त्याने भाऊजींकडे बघत घाम पुसला.

"साहेब, तुम्ही कोणाकडून तरी काढून ठेवा. मी उद्या येऊन नेतो."

जाऊबाई दुपारच्या ड्यूटीचे पांढरे कपडे घालून माझ्याशेजारी उभ्या होत्या. मी त्यांच्या कानाशी लागले. "ताई, राहू दे अडकलेली. सौदा आपोआप मोडेल."

"आणि आत ठेवून काय तिचं लोणचं घालू?" त्या म्हणाल्या. "आज मी काढली नाही, तर गेलीच ती. उद्या काय न् परवा काय." आणि मग जरा थांबून, गाडीकडे बघत, "हा ढकलतोय गं. आम्हीही ढकलतच होतो इतके दिवस. एवढ्या अंगाच्या माणसाला कधी ढकलतात का?"

त्या आत शिरल्या. गाडी सरळ केली, साइड स्टँडवर लावली. एक हात हँडलवर, दुसरा सीटमागच्या दांडीवर, कंबर सीटला टेकवलेली. मग वॉर्डातला तो आवाज लागला, "चला आजोबा, कूस बदलायचीय. अंग सैल सोडा."

आणि गाडी त्यांनी स्वतःकडे ओढली. सगळा भार स्टँडवर आला, चाकं जमिनीवरून जेमतेम सुटली. "राइ..." म्हणून ड्रायव्हिंगवाल्या काकांनी जे तोंड उघडलं ते तसंच राहिलं. स्टँड फरशीवर असा किंचाळला की माझे दात शिवशिवले. पण गाडी जागच्या जागी, स्टँडवर, हळूहळू फिरली. तोंड फाटकाकडे! ना खांबाला धक्का, ना स्कूटरला. आमच्या ह्यांच्या बशीतला चहा त्यांच्या पायावर सांडला, तो त्यांना बऱ्याच वेळाने कळला.

"अहो," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या, "निघाली. एकटीने. आता बोला."

भाऊजी कमरेवर हात ठेवून फरशीवरचा ओरखडा बघत होते. "निघाली खरी. पण रोज निघेल का?"

"वॉर्डात रोज वळवते ते काय, उशा?"

"बरं बाई," भाऊजी म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडे वळले. "विकायची नाही."

तो बिचारा गाडी सुटलेली बघून किल्लीसाठी हात पुढे करून उभा होता. गाडी घेऊनच घरी जायचं म्हणून बसने आला होता. जाऊबाईंना त्याची दया आली.

"बसा मागे, बस थांब्यावर सोडते. आणि इकडेतिकडे वळून बघू नका, गाडीचा तोल जातो."

तो बसला. मागची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून, पेशंटसारखा मुकाट. गाडी धडधडत फाटकाबाहेर गेली.

भाऊजी तिकडेच बघत राहिले. "मला कधी म्हणाली नाही ती, बसा मागे म्हणून."

"तुम्ही बसला असता, भाऊजी?"

"छे! मुळीच नाही," ते म्हणाले. "पण म्हणायला काय जातं?"