लग्नांच्या डब्याची परीक्षा

आमच्या घरात धाकट्या सुनेने भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नसतं. काही विचारायचं असेल तर सासूबाईंच्या मार्फत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. भासरे ताटावर बसलेले, मी चुलीजवळ आणि मधे आत्याबाई. मी म्हणायचं, "आत्याबाई, भाऊजीले इचारा, भाकर वाढू का?" भासऱ्यांना ते चांगलं ऐकू गेलेलं असायचं, तरी आत्याबाई पुन्हा विचारेपर्यंत ते वरणाकडे पाहत बसायचे. वस्तूसुद्धा हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, त्यांनी उचलायची. गंमत म्हणजे घराच्या मोबाइल ग्रुपवर आम्ही दोघं खुशाल एकमेकांना लिहितो. रीत फक्त तोंडाला लागू आहे.

मी बुलढाण्यात वाढलेली, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली आणि वरून रागीट. सुरुवातीला या रीतीने माझं डोकं फिरायचं. मग सवय झाली. हे आधी सांगून टाकलं, कारण डब्याची परीक्षा झाली ती याच रीतीत.

आम्ही देऊळघाटला राहतो. थोडी शेती आहे, वांगी-मेथी असते, पण घर चालतं ते लग्नांच्या शूटिंगवर. भासरे आणि माझा नवरा कॅमेरे घेऊन चिखली, मेहकर, पार दुसरबीडपर्यंत जातात. माझी जाऊ अल्बम लावते. व्हिडिओ कापणं, जोडणं, गाणी बसवणं हे माझं काम. आमच्याकडच्या लग्नाचा व्हिडिओ म्हणजे खेळ नव्हे. मंगलाष्टका पटकन आटोपतात, पण आहेर तासन् तास चालतो आणि आहेर करणारा प्रत्येक माणूस त्यात दिसलाच पाहिजे. मागून लोक टीव्ही लावून बघतात, कोण आलं होतं, कोणाच्या अंगावर कोणतं लुगडं होतं. एखाद्या मावशीचा आहेर कापला गेला, तर ती मावशी आमच्या दारात उभी राहते.

ही सगळी लग्नं सुट्या हार्डडिस्कांवर भरून भासऱ्यांच्या लोखंडी पेटीत असायची. किल्ली त्यांच्याकडे. कॅमेऱ्यातली कार्डं रुमालात गुंडाळून त्यांच्या शर्टाच्या खिशात. ती ते कोणाच्या हातात देत नसत. माझ्या टेबलाशेजारी बसून स्वतः उतरवायचे आणि परत खिशात घालायचे.

मग एक डिस्क गेली. दुसरबीडची एक मुलगी आपल्या लग्नाची दुसरी कॉपी मागायला आली होती. तिचे वडील मधल्या काळात वारले होते आणि चालते-बोलते वडील तिला त्या व्हिडिओतच दिसणार होते. सासरी दिलेली कॉपी खराब झालेली. भासऱ्यांनी पेटी उघडली, डिस्क लावली, तर ती नुसती टकटक करत राहिली. ते स्वतः तिच्या घरी गेले, अंगणात उभं राहून सांगितलं आणि परत आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं, पण सांगणार कसं? आत्याबाईंच्या मार्फत?

त्यानंतर मी डब्याच्या मागे लागले. डबा हे आमच्या घराने ठेवलेलं नाव. त्याच्या पोटात दोन डिस्क असतात. जे काही आपण ठेवू ते दोन्हींवर लिहिलं जातं, म्हणजे एक मेली तरी दुसरीवर सगळं जिवंत. आणि वायरीवरून घरातल्या कोणत्याही मशीनवर ते उघडता येतं. मी वाचलं, विचारलं, नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी भासऱ्यांचा निरोप आत्याबाईंच्या तोंडून आला.

"थो म्हणते, आणा. पण लगनसराईच्या आधी माह्या डोळ्यासमोर तपासा. सगळ्यायचा भार एकाच टायमाले टाका. अडकला तं डबा वापस, अन् एडिटिंग चिखलीच्या स्टुडिओले देऊन टाकू. लोकायच्या लग्नाची जिम्मेदारी मंग त्यायची."

म्हणजे डबा नापास झाला, तर माझं काम जाणार. या घरात माझं म्हणावं असं तेवढं एक काम होतं. स्वयंपाक सगळ्यांचा, शेत सगळ्यांचं, पण लग्न कापावं तर मीच, असं मेहकरपर्यंत लोक म्हणत. ते मी सोडणार नव्हते.

परीक्षेच्या दिवशी डबा खालच्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळ मांडला. वरच्या मजल्यावर पत्रे आहेत, उन्हाळ्यात तिथे माणूस शिजतो, मशीनची काय कथा. आमची कामाची मशीनं मात्र वर. वरून खाली एक वायर गेलेली होती, इंटरनेट आलं तेव्हापासूनची. टीव्ही खालीच, डब्याशेजारी, थेट त्यालाच जोडलेला, आणि त्याच्यासमोर आत्याबाई. त्यांच्यावर काम सोपवलं होतं डब्यात आधीच भरून ठेवलेली लग्नं बघत बसायचं. इतकं आवडीचं काम त्यांना घरात पहिल्यांदाच मिळालं असेल.

आधी मी एकटीनेच एक मोठं लग्न डब्यात टाकायला घेतलं. माझ्या हिशोबाने अर्ध्या तासाचं काम. मशीन म्हणालं, पाच तास. मी पुन्हा केलं. पाच तास. मग भासऱ्यांच्या अटीप्रमाणे सगळ्यांनी भार टाकला. नवरा आधी उतरवून झालेली जुनी कार्डं पुन्हा उतरवू लागला, जाऊने अल्बम उघडला, मी व्हिडिओ लावला. जाऊचे फोटो अर्धे उघडून थांबले. माझ्या पडद्यावर नवरीने हार उचलला आणि ती तशीच हात वर करून उभी राहिली. नवरदेव मान वाकवून. बिचारे.

भासरे जिन्याच्या दारात उभे होते. कोणाकडेच न पाहता म्हणाले, "झालं. भरा खोक्यात."

माझे कान तापले. खाली आत्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "आत्याबाई, भाऊजीले म्हणा, दिवस मावळेपर्यंत थांबा."

"हाव, थांबतो म्हणा," जिन्यातून उत्तर आलं.

मी कामाला लागले. डबा खाली टीव्हीवर लग्न सुरेख दाखवत होता, म्हणजे आजार त्याच्यात नव्हता. माझं मशीन तपासलं, ठीक. मग ज्या छोट्या पेटीत आमच्या सगळ्या वायरी येतात तिच्याकडे गेले. वायर पूर्ण वेगाने चालत असेल तर तिच्यावर हिरवा दिवा लागतो, हळू असेल तर पिवळा. सगळे हिरवे, आणि खाली जाणाऱ्या वायरीचा पिवळा.

तेवढ्यात चहाची घंटी वाजली. आमच्याकडे वर घंटी आहे. खाली आत्याबाईंनी बटण दाबलं की वर वाजते, म्हणजे त्यांना जिना चढायला नको. घंटी वाजली आणि माझ्या पडद्यावरची वेगाची रेघ सपकन जमिनीला टेकली. घंटी थांबली, रेघ वर आली. मी जाऊला म्हटलं, "ताई, आत्याबाईले पुन्हा वाजवायले सांगा." आत्याबाईंनी हौसेने वाजवली. रेघ पुन्हा खाली. तिसऱ्यांदाही तेच.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि भिंतीतलं सॉकेट उघडलं. वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात. त्यातल्या चार सॉकेटमध्ये लावलेल्या आणि उरलेल्या चार, काळ्या टेपने नीट बांधून, निघाल्या होत्या घंटीकडे.

वायर भासऱ्यांनी टाकली होती. घंटीही त्यांचीच करामत. एका वायरीत दोन कामं केली म्हणून शेजारचे लोक तेव्हा बघायला आले होते, आत्याबाई अजूनही पाहुण्यांना बटण दाबून दाखवतात. आणि खरं सांगायचं तर भासरे चुकले नव्हते. त्या वेळच्या इंटरनेटला चार तारा भरपूर होत्या. डब्याला मात्र आठही लागतात. चारवर तो दहापट हळू चालतो, आणि वरून घंटीचा धक्का वेगळा.

नवरा कुजबुजला, "नको सांगू. मी उद्या गुपचूप नवी वायर ओढतो."

"परीक्षा त्यायच्या डोळ्यासमोर झाली," मी म्हटलं, "तं कारणही डोळ्यासमोरच कळू दे."

पण नुसतं कारण सांगितलं असतं तर ते सबब सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणून मी नवऱ्याला डबा उचलून वर आणायला लावला, त्याच्याबरोबर आलेल्या आखूड वायरीने माझ्या मशीनला जोडला आणि तेच लग्न टाकायला घेतलं. मशीन म्हणालं, अर्धा तास. भासरे दारातून दोन पावलं आत आले. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"माय, इचार तिले," ते म्हणाले, "वर धावते, तं खाली काऊन मरते थो?"

आत्याबाई तोवर जिना चढून वर आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "आत्याबाई, भाऊजीले सांगा, डब्यात खोट नाही. वायरीत तारा आठ. चार डब्याले भेटल्या, चार घंटीले."

आत्याबाईंनी निरोप पुढे नेला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या नुसत्या थोरल्या लेकाकडे बघत राहिल्या. भासरे वळले आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, संपलं. मी खरं बोलून माझं काम घालवलं.

ते परत आले ते पक्कड आणि वायरीचं सामान घेऊन. सॉकेटसमोर मांडी घालून बसले, काळी टेप स्वतः सोडली. आठही तारांचे रंग त्यांना पाठ होते. नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि प्रत्येकाची पांढऱ्या पट्ट्यांची जोडीदार, ओळीने लावत गेले. मी बॅटरी जमिनीवर ठेवली, त्यांनी उचलली.

"अन् माह्या घंटीचं काय रे?" आत्याबाई म्हणाल्या.

"हाका मार, माय. तुह्या आवाजाले वायर कायले पायजे?"

जाऊ तोंडाला पदर लावून हसली. भासऱ्यांनी वायरीचं खालचं टोकही तसंच जोडलं, डबा पुन्हा खाली कोठीजवळ गेला आणि वर दिवा हिरवा लागला. आता पुन्हा सगळ्यांनी भार टाकला. जाऊचे फोटो भराभर पालटू लागले, नवऱ्याची कार्डं उतरू लागली, माझ्या नवरीने एकदाचा हार घातला. मला इतका अभिमान वाटला की तो हार जणू मलाच कोणी घातला होता. कामं तशीच चालू ठेवून आम्ही सगळे खाली आलो. आत्याबाईंनी टीव्हीवर आता वेगळं लग्न लावलं होतं, माझंच.

भासरे डब्याजवळ बसले. "माय, तिले म्हण," ते हळू म्हणाले, "आता एक डिस्क मेली असं समजा."

दुसरबीडचं अंगण त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. खरी परीक्षा ही होती, हे मला तेव्हा कळलं. चालत्या डब्यातून डिस्क ओढता येते, हे मी वाचलं होतं. ओढून पाहिली नव्हती. सगळ्यांची कामं चालू, त्यात लोकांची लग्नं. पण डब्यावर माझा विश्वास होता, आणि तो त्यांना दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगावा असं मला वाटलं नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमीच काढा."

आत्याबाईंचं तोंड माझा निरोप सांगायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं. भासऱ्यांनी कडी उघडली, एक डिस्क धरली आणि ओढून बाहेर काढली.

डबा कर्कश ओरडायला लागला. वरून जाऊच्या मशीनचा पंखा घुमत होता. आणि टीव्हीवर माझा आहेर जराही न थांबता चालू होता. मी बाशिंग बांधून, मान खाली घालून बसले होते. कॅमेऱ्यामागून आवाज आला, "नवरीबाई, मान वर करा. इकडं पाहा."

तो भासऱ्यांचा आवाज होता. माझं लग्न त्यांनीच शूट केलं होतं, म्हणून त्या व्हिडिओत ते कुठेच दिसत नाहीत. ते मला थेट बोलले ते तेवढं एकदाच, कारण त्या वेळी ते भासरे नव्हते, शूटिंगवाले होते. नवरा हसायला लागला, जाऊ हसली, आत्याबाईंनी डोळे पुसले. भासरे हातात डिस्क घेऊन स्वतःच्या आवाजाकडे बघत राहिले आणि मग तेही हसले.

डिस्क त्यांनी परत बसवली. मग खिशातून रुमाल काढला. आदल्या दिवशीच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, कार्ड त्यात होतं. ते ठेवायला त्यांनी इकडेतिकडे जागा बघितली. कोठीवर जागा होती, टेबलावर होती. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"दोनी डिस्कवर गेलं की मले सांग."

कार्ड मी लगेच उतरवलं, पण काढून बसवलेली डिस्क पुन्हा पूर्ण भरायला वेळ लागला. तोवर भासरे घरामागच्या मळ्यात मेथीला पाणी द्यायला गेले होते. डब्यावरचे दोन्ही डिस्कांचे दिवे हिरवे झाले तशी मी वरच्या खोलीपुढच्या गच्चीवर गेले. घंटी आता नव्हतीच. मी पदर सावरला आणि आत्याबाईंपेक्षाही मोठ्या आवाजात हाक मारली, "भाऊजी, गेलं दोनीवर!"

मळ्यातून लगेच उत्तर आलं, "हाव!"