शिसपेन्सिलीने भरलेल्या जागा

म्हैसूरमधल्या बोगादीच्या घरातलं कपाट आवरताना एम.कॉम.ची वही सापडली. टाकायच्या ढिगात ठेवण्याआधी उघडून पाहिली. माझ्या निळ्या ओळींच्या मधे मधे शिसपेन्सिलीचं बारीक, तिरकं अक्षर होतं.

सांगलीहून म्हैसूरला शिकायला आले तेव्हा मला कन्नड येत नव्हतं. सर मधेच कन्नडमधून समजावू लागले की मी वहीत तेवढी जागा कोरी सोडायची. परीक्षेआधी अख्खा वर्ग माझ्या नोट्स मागून न्यायचा. डबा मात्र मी एकटीच खायची.

एका दुपारी वर्गातली, तिथल्याच चामराजपुरम भागात राहणारी सुधा वही परत द्यायला आली. तिच्या घरी मराठी बोलत.

"कोऱ्या जागा सगळ्या भरल्यात बघ. सुम्ने, नुसतं विचारायचं की गं मला," ती म्हणाली. "रविवारी जेवायला ये. आईनं बोलावलंय."

"परीक्षा झाल्यावर नक्की येते," म्हणत मी वहीच्या शेवटच्या पानावरच्या कामांच्या यादीत ते लिहून टाकलं.

"जेवण पण लिहून ठेवतीस होय?" ती हसली.

परीक्षा झाली, मी गावी गेले आणि ते राहून गेलं.

आता मला कन्नड छान येतं, पण घरात बोलायला कुणी नाही. शेवटचं पान उघडलं. यादीतल्या प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण आहे. फक्त 'सुधाकडे जेवण' या ओळीपुढे काही नाही.