शिवेवरच्या राईतला देव

त्या राईतलं प्रकरण माझ्या मनातून आजही गेलेलं नाही.

सत्तरच्या दशकात मी चाकण भागात फौजदार होतो. तिथं दोन गावांच्या शिवेवर दाट, जुनी राई होती. पूर्वी तिथं घोडदळाचा तळ पडायचा, असं दोन्ही गावं अभिमानानं सांगत. राई आपलीच, हेही दोन्ही गावं सांगत. मुंबईच्या एका सिनेमा कंपनीचा व्यवस्थापक लढाईच्या चित्रपटासाठी जागा शोधत आला आणि राई त्याला पसंत पडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत झाडाखालचा शेंदरी देव नाहीसा झाला.

दोन्ही गावं ठाण्यात हजर झाली. संशय एकमेकांवर. काठ्या बाहेर ठेवायला लावूनच मी त्यांना आत घेतलं. पंचनाम्यात ओढल्याची खूण नाही, पहारीचा घाव नाही. कुणीतरी देव अलगद उचलून नेला होता. दोन्हीकडच्या तापट गड्यांचे जबाब घेतले, पण हाती काही लागेना. जत्रा तोंडावर आली होती. देव सापडला नसता तर डोकी फुटली असती.

खबर मिळाली ती वाण्याकडून. बोलता बोलता तो म्हणाला, "साहेब, देव गेला, पण गुरवाच्या म्हातारीचं शेंदूर-तेल थांबलं नाही. कालच घेऊन गेली."

ही म्हातारी राईतल्या देवाची पूजा करायची. हवालदाराला बाहेर थांबवून मी एकटाच तिच्या घरात गेलो. पलीकडच्या गावची तिची विहीणही तिथं बसली होती.

"आजी, देव नसताना पूजा कुणाची करता?"

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. विहीणबाई म्हणाल्या, "आमीच आणला त्याला, पाटीत घालून. त्यो सिनेमावाला म्हनत व्हता, घोडी पळवायला मधली झाडं काढू, ह्यो दगड बाजूला सारू. त्यानं हात लावायच्या आधी आमी लावला."

"मग गावाला का नाही सांगितलं?"

"गावाला सिनेमात दिसायचं व्हतं, साहेब," म्हातारी म्हणाली.

देव कोनाड्यात होता, ताज्या तेलानं चमकत. संशय दोन्ही गावांचा बरोबरच निघाला होता.

मी दोन्ही पोलीस पाटलांना आणि व्यवस्थापकाला राईत बोलावलं आणि त्यांच्यासमोर दोघींना बोलू दिलं. व्यवस्थापक भला माणूस. म्हणाला, "झाडं राहू द्या. घोडी बाहेरच्या माळावर पळवू." देव जागेवर नेताना दोघींनी पाटीला कुणा पुरुषाचा हात लागू दिला नाही. चोरीचा हेतू नव्हता, असा अहवाल पाठवून मी प्रकरण मिटवलं.

पुढं शूटिंग झालं. कारखान्यातली पहिली शिफ्ट संपवून आलेले दोन्ही गावचे गडी मिशा चिकटवून एकाच फौजेत उभे राहिले. विहिणी सावलीत बसून हसत होत्या.

त्यानंतर जबाब घेताना 'वैर कुणाशी?' या प्रश्नाबरोबर मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो: 'भीती कशाची वाटते?' नोकरीभर मला खरी उत्तरं मिळाली ती बहुतेक या दुसऱ्या प्रश्नालाच.