उलटी जाणारी मालगाडी

आमचे चंपतराव कोराडीच्या पॉवर स्टेशनातून रिटायर झाले अन् कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या खेळात रूळ टाकत बसले. त्यांची कोळशाची मालगाडी म्हणे सिग्नल हिरवा असूनही पुलावर थांबते अन् उलटी जाते. त्याचा व्हिडिओ काढाले ते मोबाईल रोखून बसायचे. मले हाका मारायचे. मी गेली की गाडी एकदम सरळ!

"आत्ता उलटी गेली वं!"

"अहो, आधी चष्मा पुसा," मी चिडून म्हणायची.

काल ते दूध आणाले गेले. मी टेबल पुसून राहिली होती. खेळ सुरूच होता; स्क्रीनवर मालगाडी आली, पुलावर थांबली. इंजिन तिथंच राहिलं अन् सारे डबे आपसूक मागं निघाले. काहून? हातात मोबाईल नाही, फडकं! मी त्यानं स्क्रीनच पुसली. डबे मागंच चालले.

ते परत आले, तोवर गाडी सरळ धावून राहिली होती.

"अहो, खरंच उलटी गेली!"

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हिडिओ काढला?"

"नाही."

"मग आधी चष्मा पुस."

मले तर चष्माच नाही.