पाठीला लागलेली माती

त्या वर्षांत सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली होती आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडातला कापूस हवा होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग लागे, मापाची पाळी यायला अख्खा दिवस जाई. तोवर वाद एकच, आमच्या गावच्या पहिलवानाचा. त्याची पाठ आजवर कोणी मातीला लावली नव्हती.

"हलके गडी घेतले त्यानं जोडीले," अकोल्याकडचे गाडीवान म्हणत. "अकोटच्या हमालासंग खेळला तवा कसा फेस आलता तोंडाले, आमी पाह्यलं."

"फेस आला, पन पडला का?" आमचे लोक विचारत. मग सगळे माझ्याकडे वळत, कारण त्या कुस्तीचा पंच मी होतो.

"नाई पडला," मी म्हणे.

पण तो पडला होता. अकोल्याच्या जत्रेत, भर उन्हात, हमालाने ढाक मारली आणि पहिलवानाचे दोन्ही खांदे मातीला टेकले. डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. लगेच तो कुशीवर वळला. मी हातभर अंतरावर होतो. कुस्ती झाली म्हणून माझा हात वर निघालाही. तेवढ्यात समोर आमचं गाव दिसलं, पोरंबाळं घेऊन गाड्या जुंपून आलेलं. मी त्याच हाताने कपाळाचा घाम पुसला. हमाल माझ्याकडे बघत क्षणभर थांबला, पकड सैल झाली, आणि पहिलवानाने त्याला चीत केलं. त्यानंतर तो हमाल कुठल्याच आखाड्यात दिसला नाही.

दोनेक वर्षांनी बडनेऱ्याला नव्या आगगाडीत कापसाच्या गाठी चढवताना तो दिसला. मी त्याला बाजूला बोलावलं. तीन वेळा सुरुवात केली, तेव्हा कुठे सांगता आलं.

"मले मालूम हाये, दादा," तो म्हणाला. "तुमचा हात उठला होता."

"मंग तू बोलला कावून नाई?"

"पंच गप, त हमालाचं कोन आयकते? त्या दिवसापासून मातीत उतराची इच्छाच नाई झाली." आणि तो पुढची गाठ उचलायला गेला.

घरी न जाता मी तडक पहिलवानाकडे गेलो. तो बैलांना सरकी घालत होता. मी सगळं सांगितलं, तसं त्याने घमेलं खाली ठेवलं.

"पाठीले माती लागली, हे मले कळलं नसन का भाऊ? मी वळून पयले तुमच्याकडंच पाह्यलं. तुमी कायी बोलले नाई. मंग मीबी गप रायलो. लोकं खांद्यावर घेऊन नाचले, तवा काटे टोचत होते माह्या अंगाले."

ही दोन वर्षं मला वाटत होतं, मी त्याचं नाव राखलं. पण त्याचं उरलेलं सगळं, खरं जिंकलेलंसुद्धा, मी त्याच्या मनात नासवलं होतं.

पुढच्या बाजाराला मी रांगेत उभा राहून सगळ्यांना सांगितलं. पहिलवानही शेजारी होता, त्याने मान डोलावली. तरी आमच्या गावचे लोक मानेनात. म्हातारपणी मी भ्रमलो आणि पहिलवान भिडेखातर हो म्हणतो, असं त्यांनी ठरवून टाकलं. अकोल्याचे लोक जिंकल्यासारखे हसले. हमालाचं कोणीच विचारलं नाही.

दर्यापूरचा एक म्हातारा शेतकरी तेवढा माझ्याकडे बघत राहिला. "दिसलं होतं तुले?" त्याने विचारलं.

"दिसलं होतं."

"मंग पंच कायले झाला होता?"

मी बैलांचा कासरा हातात घेतला. त्याची गाडी पुढे सरकली, मागून माझी. त्या हमालाला मी पुढे दोनदा अकोटला शोधलं. तो गाठींसोबत मुंबईकडे गेला, एवढंच कळलं.