त्या दारातून आत कोण जातं?

“काकू टूरच्या बसमध्ये बसतील. एसी असतो, चहा देऊ. बाकीचे मंदिर बघून तासाभरात परत,” नील म्हणाला.

ब्रॅकनेलमधलं त्याचं ऑफिस. नील इथेच जन्मलेला, इंग्लंडमधल्या मराठी लोकांसाठी ग्रुप टूर काढतो. मी अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेत केसवर्कर आहे. म्हणजे तक्रार दुसऱ्याची, भांडण माझं. शेजारी व्हीलचेअरवर शैलाकाकू, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या वॉर्ड सिस्टर.

टूर चीनची. त्यात ताइयुआन नावाचं शहर. एका प्रांताची राजधानी आहे, पण नाव काढलं की लोक “कुठे?” म्हणतात. शहराबाहेर जिन्सी हा जुना मंदिरांचा परिसर. तिथल्या मुख्य मंदिरात देवीभोवती मातीच्या दासी उभ्या आहेत, प्रत्येकीचा चेहरा वेगळा. काकूंना सगळ्या टूरमध्ये एवढंच बघायचं होतं.

“जे बघायला एवढ्या लांब जायचं, तिथेच त्यांना पार्किंगमध्ये ठेवणार? काकू म्हणजे सामान आहे का?” मी विचारलं.

“चिडू नको ना. रिस्क असेसमेंट बघ.”

रिस्क असेसमेंट म्हणजे कोण कुठे पडेल याचा आधीच बांधलेला अंदाज. त्यात होतं: मंदिराला उंच लाकडी उंबरठा, व्हीलचेअर आत जाणार नाही.

“मागच्या टूरला एक आजोबा पायऱ्यांवर पडले,” नील हळूच म्हणाला. “रात्रभर मी त्यांच्यापाशी बसलो होतो. परत नाही जमणार मला.”

तो खरंच घाबरला होता, आणि मला त्याचं वाईटही वाटलं. पण भीती याची आणि शिक्षा काकूंना, हा कुठला न्याय? मी बॅगेतून आमचं पत्रक काढलं: ‘दया नको, दार उघडा.’ इथला कायदा ‘रीझनेबल ॲडजस्टमेंट’ मागतो, म्हणजे जमण्यासारखा बदल करून द्यावाच लागतो, हेही जरा मोठ्यानेच ऐकवलं.

“ते आत ठेव गं,” काकू म्हणाल्या. “छान आहे, पण आत ठेव. नील, तू स्वतः गेलायस तिथे?”

“नाही काकू. फोटो बघून लिहिलं.”

“मग तिथल्या कोणाला तरी विचार ना, बाळा.”

नीलने तिथल्या गाइडला, मिस लिनला, व्हिडिओ कॉल लावला. नशिबाने ती दुसऱ्या ग्रुपबरोबर मंदिरापाशीच होती. तिने कॅमेरा फिरवला. खांबांना विळखा घातलेले लाकडी ड्रॅगन दिसले. मग दार. दारासमोर गर्दी, सगळ्यांच्या माना लांब.

“लोक उंबरठा ओलांडून आत कसे जातात?” नीलने विचारलं.

मिस लिन हसली. “आत? आत कोणालाच सोडत नाहीत. मूर्ती जपायच्या असतात. सगळे बाहेरूनच बघतात.”

नीलचे कान लाल झाले.

“म्हणजे तू मला ज्या दारासाठी नाही म्हणालास,” काकू म्हणाल्या, “तिथून आत जातंच कोण?”

पहिला नीलच हसला. उरला प्रश्न ओसरीपर्यंतच्या पायऱ्यांचा. एका बाजूच्या बुटक्या आहेत, फोल्डिंग रॅम्प आणा, मिस लिन म्हणाली. नील तरीही हातावर हात चोळत होता. “मी स्वतः येतो,” तो शेवटी म्हणाला. “खुर्ची मीच धरणार.”

“धर. ब्रेक माझ्याकडे.”

काकू चीनला गेल्या. तिथून फोटो आला: उंबरठ्यापाशी सगळ्यांत पुढे काकू, कारण खुर्ची बुटकी आणि मागच्यांना त्यांच्या डोक्यावरून दिसतं. नीलचे दोन्ही हात खुर्चीला घट्ट. खाली काकूंचा मेसेज: ‘जवळजवळ हजार वर्षं ड्युटीवर आहेत पोरी. एकीचे पाय दुखतायत. तोंडावरून कळतं.’

आमचं पत्रक अजून बॅगेत असतं, लागतंच. पण आता मी आधी विचारते, “तुम्ही स्वतः तिथे गेला आहात का?” बहुतेक ऑफिसांत याचं उत्तर येईपर्यंत माझा चहा गार होतो.